यादीत नसलेलं

सकाळी साडेसातची गाडी
सव्वानऊला आली, आणि आली ती दुसरीच.
पैसे घेतलेले वातानुकूलितचे.
हिच्या खिडक्याच लागत नव्हत्या.
जानेवारीचं धुकं सरळ आत येऊन
रिकाम्या सीटवर बसलं.
रामसेवक म्हणाला, एसीच समजा.

टिपणीस बाई मात्र वेळेवर.
लष्कर भागात जन्मलेल्या, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त.
मराठी आपलीच, पण लहानपणी
लांबच्या आत्याकडे वाढलेली:
"किल्ला बघायला चालून राहिलोय न आपण?"
आणि हातात छत्री. पावसाची नव्हे,
दाखवायची.

उरवाईच्या चढावर गाडी थांबली.
थांबली कसली, मागे यायला लागली.
सतरा जणांना एकदम आपापले कुलस्वामी आठवले.
रामसेवक उतरला, चाकाखाली दगड सारला.
ज्या सवयीनं सारला त्यावरून कळलं,
दगड रस्त्यावरचा नाही.
गाडीतलाच. नेहमीचा.

दोन्ही बाजूंना कड्यात कोरलेले तीर्थंकर
उभे, वस्त्राविना, घाईविना.
बाईंनी तिथेच माहिती सुरू केली.
हुपरीच्या चौगुल्यांनी तिथेच परताव्याचा हिशेब.
चांदीच्या काट्यावर वाढलेला माणूस,
माणशी किती रुपये, किती पैसे,
तेही सांगितलं.
क्लच प्लेट, असं कुणीतरी म्हणालं,
मग तासभर आम्ही सगळेच म्हणत राहिलो,
क्लच प्लेट, क्लच प्लेट,
जणू जपानं ती जागेवर बसेल.

पायी जाऊ म्हटलं तर माझे गुडघे,
आणखी चौघींचे गुडघे.
मानमंदिराची निळाई आणि तिच्यातली पिवळी बदकं
वरच राहिली.
सासू-सुनेचं देऊळही वर.
"तिथून सगळं शहर दिसतं," बाई म्हणाल्या.
आम्ही शहरात उभं राहून
ते बघत होतो.

दुसरी गाडी निघालीय. मुरारला आहे.
मुरारला फाटक लागलंय.
निघालीच नाही.
शेवटी तीन टेम्पो, तानसेनाच्या समाधीकडे.
माझ्या मांडीवर गजकाचे चार खोके,
चौगुल्यांच्या मांडीवर चौगुल्यांचा राग.
बिर्लानगरात आमचा टेम्पो खोकला, आणि गप्प झाला.
तेल संपलेलं. पोरगा बाटली घेऊन पळाला.

समोर एक भिंत. लांबच लांब.
बाई पहिल्यांदाच काही बोलेनात.
मग म्हणाल्या, "हे यादीत नाही आपल्या."
छत्री काखेतच राहिली.
"इथे बाबा होते. विणाईत.
भोंगा झाला की घरातलं घड्याळ लावायचो आम्ही.
पाळी सुटली की हा रस्ता ओलांडता यायचा नाही,
इतक्या सायकली."
रस्त्यावर एक कुत्रं
मधोमध झोपलं होतं.

मी इचलकरंजीची. मागांच्या खडखडाटात
पाळण्यातच झोपायला शिकलेली.
गाव सोडून कुठेही गेले की
शांततेनंच मला रात्री जाग येते.
त्या भिंतीशी मी जरा जास्त वेळ उभी राहिले.
"बंद कधी झाली?" चौगुल्यांनी विचारलं,
आणि उत्तर लिहून घेतलं
परताव्याच्याच कागदाच्या मागे.

समाधीपाशी पोचलो तेव्हा उजेड सरत आलेला.
चिंचेचं पान खाल्लं की गळा गोड होतो म्हणतात.
आम्ही दिवसभर भांडलेले सतरा गळे.
पान आंबट होतं.

रात्री आठला हॉटेलच्या दारात हॉर्न.
रामसेवक. हातावर ग्रीस, चेहऱ्यावर दिवाळी.
"बन गई. चलिए, किला."
बाई केव्हाच घरी गेल्या होत्या.
मी खिडकीतून डोकावून पाहिलं,
त्याच्या सीटशेजारी दगड
प्रवाशासारखा
बसून.